तिसरा ड्रम

स्किमर सुरू होऊन पाऊण तास झाला नव्हता, तोच त्याच्या डोक्यावरचा प्याला भरून फेस बाहेर सांडू लागला. शलाका दिघोरेने टाकीखालच्या कपाटात हात घालून व्हॉल्व्ह अर्धा फेरा सैल केला. नळकांड्यातलं पाणी बोटभर खाली उतरलं, फेसही निमूट मानेत उतरला. पाच मिनिटांनी तो पुन्हा चढला.

मागे जुना टॉवेल घेऊन उभे असलेले डॉ. साल्पेकर यंत्र सदोष तर नाही ना, असं विचारत होते. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. चाळीस वर्षं गाई-म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून झाल्यावर आता निवृत्त झाले होते. पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. नागपुरातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात त्यांच्याबरोबर फक्त ही टाकी होती. चारशे लिटर समुद्र, सात मासे आणि प्रवाळाचा हाताच्या पंजाएवढा एक तुकडा. समुद्रातली प्रवाळं उन्हाळ्यागणिक पांढरी पडून मरू लागली, तेव्हा वाचलेले तुकडे सांभाळायला घरोघरी द्यायची योजना निघाली होती. डॉक्टरांनी आपलं नाव पहिल्याच यादीत दिलं होतं.

शलाकाने त्यांना समजावून सांगितलं. टाकीतल्या पाण्यात माशांची घाण, उरलेलं खाणं, प्रवाळाचा चिकट स्राव विरघळत राहतो. त्यातल्या बहुतेक रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळू पाहतं. हवेचा बारीक बुडबुडा भेटला की ते त्याच्या अंगाला चिकटतात, पळणारं टोक हवेत आणि दुसरं पाण्यात. स्किमर म्हणजे एक उभं नळकांडं. खालून पंप लाखो बुडबुडे सोडतो, ते घाण अंगावर घेऊन वर चढतात, निमुळत्या मानेत त्यांचा घट्ट फेस होतो आणि वरच्या प्याल्यात गळतो. दोन दिवसांत प्याल्यात काळ्या चहासारखं, नाक धरायला लावणारं पाणी साठतं.

पण नवं नळकांडं कोरं असतं. कारखान्यातलं तेल प्लॅस्टिकला धरून राहिलेलं असतं. ते जावं म्हणून तिने हा स्किमर दुकानात दिवसभर व्हिनेगरच्या पाण्यावर चालवून आणला होता. तरी आतल्या भिंतींवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसेपर्यंत त्याचा नेम नसतो. कधी फेस उतू जातो, कधी दिवसभर चढतच नाही. आठवडा लागतो, कधी तीन. धंद्यात याला स्किमर रुळणं म्हणतात. तोवर हाताला तेल, क्रीम काही लावून टाकीत हात घालायचा नाही, एवढंच तिने डॉक्टरांना बजावलं. कारण ते माशांना स्वतःच्या बोटांनी भरवत आणि ते सोडणार नव्हते.

या स्किमरच्या मानेत नखाएवढी एक चकती होती. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. मुळात ती दवाखान्यांसाठी बनली होती, घामाच्या थेंबावरून रोग ओळखायला. पण घामात रोगाच्या खुणा इतक्या विरळ असतात की चकतीला त्या सापडत नव्हत्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की फेसात तेच रेणू हजारपट दाट होऊन येतात. त्यांनी चकती स्किमरच्या मानेत बसवली. आता प्रवाळ आजारी पडायच्या दोन दिवस आधी त्याच्या स्रावावरून ते कळू लागलं, आणि तुकडे सांभाळणाऱ्या प्रत्येक घरात असा चकतीवाला स्किमर सक्तीचा झाला.

चकतीच्या पोटात दवाखान्यातली यादी मात्र तशीच राहिली होती. ग्राहकाच्या पडद्यावर माणसांच्या रोगांऐवजी नुसतं ‘इतर’ असं दिसे. बसवणाऱ्याच्या टॅबवर सगळी यादी उघडत असे, चकती नीट चालते की नाही ते तपासायला. शलाकाने चकती बनवणाऱ्या कंपनीच्या करारावर सही केली होती. माणसांच्या ओळी वाचायच्या नाहीत, कोणाला सांगायच्या नाहीत आणि पहिल्या एकवीस दिवसांचं वाचन धरायचं नाही, कारण न रुळलेला स्किमर काहीही सांगतो.

*

नंदनवन वस्तीतलं दुकान तिचं आणि तिच्या मोठ्या भावाचं होतं. ताराचंद दिघोरे तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. भंडाऱ्याच्या बाजारात बसून तळ्यातली मासळी विकता विकता त्याने तिला मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊ दिली, आणि पुढे दोघांनी मिळून हा धंदा उभा केला. नळजोडणी तिची, पाणी त्याचं. निळ्या ड्रममध्ये शुद्ध पाणी घेऊन, त्यात समुद्री मीठ टाकून तो कोपरापर्यंत हात बुडवून ढवळायचा, जिभेवर थेंब घ्यायचा आणि खारटपणा सांगायचा. शलाका नंतर उपकरणाने मोजायची. फरक पडायचा नाही.

कंपनीची एजन्सी घेतल्यावर ते बदललं. करारात प्रत्येक ड्रमचं मोजमाप उपकरणानेच नोंदवायचं होतं. पहिल्या दिवशी ताराचंदने थेंब जिभेवर घेऊन आकडा सांगितला, तेव्हा शलाका घाईत होती. ती म्हणाली, की दादा, आता ते राहू दे. त्यात तिला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण त्या दिवसापासून तो आकडा सांगेनासा झाला. पाणी ढवळायचा, ड्रम गाडीत चढवायचा, आणि कामापुरतं बोलायचा. या गोष्टीला तीन महिने झाले होते.

नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती साल्पेकरांच्या टाकीपुढे टॅब घेऊन बसली होती. आदल्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे शंभर लिटर पाणी बदललं होतं. फेस पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागत होता. तिने प्रवाळाची ओळ पाहिली, ठीक होती. यादी बंद करताना बोट घसरलं आणि खालच्या ओळी वर आल्या.

एक ओळ लाल होती. स्वादुपिंडाचा कर्करोग, प्रारंभिक. जुळणी एकाहत्तर टक्के.

आतल्या खोलीत डॉक्टर रेडिओ लावून दाढी करत होते. शलाकाने टॅब पालथा ठेवला. यंत्र रुळलेलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. तेल राहिलं असेल, काहीही असेल. तिने प्याला धुतला, व्हॉल्व्ह पाव फेरा घट्ट केला आणि डॉक्टरांचा चहा न घेता निघाली. चौकातल्या सिग्नलला तिला आठवलं, की त्या टाकीत हात घालणारी माणसं दोनच आहेत. एक डॉक्टर, दुसरी ती.

त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष लागलं नाही. पाठ दुखते का, वजन उतरलंय का, हे ती आरशासमोर तपासत राहिली. या रोगाला गाठ फुटाण्याएवढी असताना गाठलं तर माणूस वाचतो, आणि दुखायला लागल्यावर सापडली तर सहसा वाचत नाही, हे तिने वाचून काढलं. यंत्र रुळायला अजून बारा दिवस होते. बारा दिवस थांबणं शहाणपणाचं की वेडेपणाचं, हे तिला ठरवता येईना.

तिने थांबायचं ठरवलं, पण हात बांधून नाही. शुक्रवारी तिने डॉक्टरांना एक लांब चिमटा दिला आणि आठवडाभर त्यानेच खाऊ घाला, चकतीची तपासणी चालू आहे, असं सांगितलं. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण चिमटा घेतला. रोज सकाळी ती यादी उघडू लागली. लाल ओळ दिवसागणिक फिकी होत गेली आणि मंगळवारी दिसेनाशी झाली. तिच्यामागचे रेणू स्किमरने पाण्यातून काढून टाकले होते. बुधवारी तिने खांद्यापर्यंतचे रबरी मोजे चढवून पाणी बदललं. गुरुवारी लाल ओळ परत आली होती. अठ्ठ्याहत्तर टक्के.

ती टाकीसमोरच्या वेताच्या मोढ्यावर बसून राहिली. डॉक्टरांचा हात पाण्यात गेला नव्हता, तिचाही नाही. टाकीत नवीन आलं होतं ते फक्त शंभर लिटर पाणी. ते पाणी कोणी कोपरापर्यंत हात घालून ढवळलं होतं, हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

*

दुकानात ताराचंद मिठाची पोती मोजत होता. तिने शटर अर्धं ओढलं आणि बसायला सांगितलं. तो बसला नाही. तिने सगळं सांगितलं, चकती, यादी, चिमटा, मोजे, दोन गुरुवार. रोगाचं नाव तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

ताराचंदने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, स्किमर रुळला काय. तिने नाही म्हटलं, पाच दिवस बाकी आहेत.

“म्हणजे तुझ्या कंपनीच्याच कागदात लिहिलंय, का हे वाचन धरायचं नाही.”

“लिहिलंय. पण दादा, दोनदा आलं.”

“आधी माझी जीभ खोटी पडली,” तो म्हणाला. “आता माझा हात खोटा. मले सरळ सांग ना शलाका, तुले मी इथं नको आहे.”

ती त्याला समजावत राहिली. एकदा तपासणी करून घे, एक दिवस जाईल, काही नसेल तर मी एजन्सी परत करते, असंही म्हणाली. तो शांतच होता, आणि तेच तिला जास्त अवघड जात होतं. फुटक्या यंत्राच्या सांगण्यावरून आपण दवाखान्याच्या रांगेत उभं राहणार नाही, असं सांगून त्याने शटर वर केलं आणि पोती मोजायला लागला. रजनीवहिनीला सांगितलंस तर याद राख, एवढं मोजता मोजता म्हणाला.

शलाका गाडी काढून थेट साल्पेकरांकडे गेली. करार मोडायचा तर ज्याचं यंत्र आहे त्याला खरं सांगून मोडावा, असं तिने वाटेत ठरवलं होतं. तिने डॉक्टरांना चिमट्याचं खरं कारण सांगितलं, माफी मागितली आणि चकती दोन दिवसांसाठी मागितली.

डॉक्टर रागावले नाहीत. भाऊ किती वर्षांचा, खाणंपिणं कसं, हे त्यांनी जनावराच्या मालकाला विचारावं तसं विचारलं. मग म्हणाले, “हा रोग मी कुत्र्यांत पाहिलाय. मालक म्हणतो, पुढच्या आठवड्यात आणतो. तू पुढच्या आठवड्यावर जाऊ नकोस.” त्यांनी स्वतः पंप बंद केला आणि मानेचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला सात वर्षांचा जुना स्किमर होता. त्याच्या आतल्या भिंतींवर तपकिरी थर इतका पक्का बसला होता, की तो कधी उतू गेला नव्हता आणि कधी रुसला नव्हता. शलाकाने शुक्रवारी सकाळी चकती त्याच्या मानेत बसवली. ताराचंद दारात येऊन पाहू लागला.

ती म्हणाली, “दादा, हा तर रुळलेला आहे ना? हा तुझ्यासमोर सात वर्षं चालतोय. आता तू याची परीक्षा घे. तुझ्या मनाने घे. मी इथं थांबत नाही.”

पाण्याची परीक्षा म्हटल्यावर ताराचंदला नाही म्हणता आलं नाही. तिने ते ओळखूनच विचारलं होतं. त्याने तिला चौकातल्या चहाच्या टपरीवर पाठवलं. तासाभराने तिला आत बोलावलं, तेव्हा तीन निळे ड्रम शेजारी शेजारी उभे होते. तिन्हींत सारखं पाणी, सारखं मीठ. नुसत्या खाऱ्या पाण्याला फेस धरत नाही, म्हणून प्रत्येकात कोळंबीचं उकळलेलं पाणी चमचाभर. कोणी कोणता ढवळला, ते तो सांगणार नव्हता. चकती खरी असेल तर ती सांगेल.

आधी तिने नुसत्या कोळंबीच्या पाण्यावर स्किमर तासभर फिरवला. लाल ओळ नव्हती. मग पहिला ड्रम रिकाम्या टाकीत ओतला. बुडबुडे चढले, मानेत फेस जमला. ताराचंद झाडू घेऊन आधीच स्वच्छ असलेली फरशी झाडत होता. दोन तासांनी तिने यादी वाचली. काही नाही. ताराचंदने मान हलवली. आपलं यंत्र खोटं ठरावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

टाकी धुऊन दुसरा ड्रम ओतला. दुपार झाली. रजनीवहिनीने पाठवलेला डबा दोघांनीही उघडला नाही. दोन ग्राहक आले आणि परत गेले. दुसऱ्या ड्रमच्या यादीत एक फिकी राखाडी ओळ आली.

“लाल नाही,” ती म्हणाली. “थायरॉइडचं दाखवतंय. ऐंशी टक्के.”

झाडूचा आवाज थांबला. तिने वर पाहिलं. ताराचंद फरशीकडे बघत होता. त्याचा चेहरा उतरला होता, आणि थायरॉइडच्या नावाने तो का उतरावा हे तिला कळेना. तो नुसतं म्हणाला, “तिसरा टाक.”

तिसरा ड्रम तिने ओतला तेव्हा थोडं पाणी बाहेर सांडलं. ताराचंदने झाडू भिंतीला टेकवला आणि तो येऊन तिच्या शेजारी, स्किमरसमोर बसला. दोघं फेस चढताना पाहत राहिले. तो काचेच्या मानेतून कणाकणाने वर सरकत होता, काठाशी यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. तीन महिन्यांत दोघं इतका वेळ शेजारी बसले नव्हते. एकदा ताराचंद म्हणाला, की कोळंबी जरा जास्त झाली. ती हो म्हणाली.

दीड तासातच ओळ आली. तिने टॅब त्याच्यासमोर धरला, कारण तिला वाचायचा धीर होईना. लाल होती. ब्याण्णव टक्के.

ताराचंदने टॅब खाली ठेवला.

“पहिला लाकडी फळीनं ढवळला होता,” तो म्हणाला. “दुसऱ्यात रजनीचा हात. तिले घरून बोलावलं होतं, ती थायरॉइडची गोळी खाते चार वर्षांपासून. ते निघालं तेव्हाच मले समजलं, का हे यंत्र खोटं बोलत नाही.”

तो उठून नळापाशी गेला आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागला. धुऊन झाल्यावर पुन्हा साबण लावला. शलाकाने जाऊन नळ बंद केला आणि त्याचे हात आपल्या ओढणीत धरले.

“कधी जायचं म्हणतेस?” त्याने विचारलं.

“आत्ता.”

*

गाठ नऊ मिलिमीटरची निघाली. सोनोग्राफीत ती दिसलीच नव्हती. शलाका हटून बसली आणि तिने मोठं स्कॅन करायला लावलं, त्यात दिसली. दहाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. साडेपाच तास ती आणि रजनीवहिनी बाकावर बसून होत्या, आणि वहिनीने एकदाच विचारलं, की माझा हात तरी कशाला त्या पाण्यात घालायला लावला. सर्जन बाहेर आले, म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, आजूबाजूला काही पसरलेलं नाही. कोणत्या लक्षणावरून आलात, असं त्यांनी विचारलं तेव्हा शलाकाने माशांच्या टाकीचं सांगितलं. ते हसले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले.

ताराचंद वाचला. त्याला आता जन्मभर इन्सुलिन टोचावं लागणार होतं, पोती उचलायची नव्हती, जेवण थोडं थोडं सहा वेळा खायचं होतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने तिला फोन करून, साल्पेकरांच्या पाण्याचा खारटपणा किती ठेवला ते विचारलं. तिने सांगितलं. तो म्हणाला, एक पॉइंट वाढव. तिने वाढवला.

गोष्ट वॉर्डातून बाहेर पडायला वेळ लागला नाही. पंधरा दिवसांत दुकानापुढे माणसं येऊ लागली. कोणी म्हातारीला घेऊन यायचं, कोणी नुसतं ड्रममध्ये हात बुडवू द्या म्हणायचं. एका गृहस्थाने बाटलीत पाणी आणलं. होणाऱ्या जावयाने त्यात हात धुतले होते आणि ते तपासायला नेणार आहेत हे त्याला माहीत नव्हतं. शलाकाने ती बाटली उघडलीच नाही. ते गृहस्थ वाद घालत राहिले, की मुलीच्या बापाला एवढं तरी कळायला नको का. दुसरीकडे तिच्या सहा जुन्या ग्राहकांनी काम बंद केलं. त्यातल्या एक बाई दारातूनच म्हणाल्या, की तू आमच्याबद्दल काय काय वाचून ठेवलं असशील, आम्हाला काय माहीत. शलाकाने काही वाचलं नव्हतं. पण ते सिद्ध कसं करायचं, तेही तिला माहीत नव्हतं.

मग कंपनीचं पत्र आलं. तिने करार मोडला होता, एजन्सी रद्द झाली. शिवाय येत्या सोमवारपासून सगळ्या चकत्यांमधली माणसांची यादी दुरूनच पुसली जाणार होती. दवाखान्यांसाठी वेगळी यंत्रं पुढेमागे येतील, असं पत्रात लिहिलं होतं. कधी, ते नव्हतं.

शलाकाला त्यात एका परीने सुटल्यासारखं वाटलं. एकच गोष्ट राहिली होती. ती तिने दीड महिना कोणाला सांगितली नव्हती, ताराचंदलाही नाही.

त्या पहिल्या गुरुवारी, डॉक्टर अजून बोटांनी भरवत होते तेव्हा, यादीत लाल ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. चिमटा आल्यावर ती गेली. चकती परत बसवल्यावर डॉक्टर पुन्हा बोटांनी भरवू लागले आणि ती परत आली. तोवर स्किमर चांगला रुळला होता, प्याल्यात रोज दोन बोटं काळं पाणी साठत होतं. ओळ स्मृतिभ्रंशाची होती. जुळणी चौसष्टवरून वाढत त्र्याण्णवला गेली होती. त्यावर अजून औषध नव्हतं, आणि म्हणूनच तिने तोंड उघडलं नव्हतं. पण सोमवारनंतर ती ओळ कोणालाच दिसणार नव्हती, आणि मग ती फक्त तिच्या पोटात राहिली असती.

रविवारी सकाळी ती साल्पेकरांकडे गेली. डॉक्टर टाकीवर वाकून माशांना भरवत होते. मोठा पिवळा मासा त्यांच्या अंगठ्याला तोंड लावत होता. तिने प्याला धुतला, मानेतला थर पुसला, आणि काम संपल्यावरही ती मोढ्यावर बसून राहिली.

मग ती म्हणाली, “सर, उद्यापासून मला यादी दिसणार नाही. त्यात तुमची एक ओळ आहे. तुम्ही विचारलंत तर सांगीन. नाही विचारलंत तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

डॉक्टरांनी बोटं पाण्याबाहेर काढली आणि टॉवेलला सावकाश पुसली.

“औषध आहे त्याच्यावर?”

“नाही.”

“मग नाव नको सांगूस. मला अंदाज आहे,” ते म्हणाले. “तू चकती घेऊन गेलीस ना, त्यानंतर मी पंप चालू करायला या कपाटासमोर वीस मिनिटं उभा होतो. कोणता व्हॉल्व्ह आधी फिरवायचा ते आठवेना. आधी म्हटलं, तुझ्या भावाच्या काळजीने झालं असेल. मग ते परत झालं. स्वयंपाकघरात झालं.”

शलाका मोढ्यावरून उठली. तिने विचारलं, की मी चूक केली का, आधी सांगायला हवं होतं का. डॉक्टरांनी त्यावर विचार केला. जनावरांच्या मालकांना आपण बऱ्याचदा उशिराच सांगायचो, ते म्हणाले, आणि दर वेळी वाटायचं की आणखी एक दिवस थांबलो असतो तरी चाललं असतं. तुझ्या भावाच्या बाबतीत तू एक दिवसही थांबली नाहीस, हे बरं केलंस. माझ्या बाबतीत थांबलीस, तेही चाललं.

मुलाला आपणच सांगणार, असं त्यांनी सांगितलं. आज दुपारी त्याचा फोन येतो. तोवर ती थांबली तर बरं वाटेल. शलाका थांबते म्हणाली.

डॉक्टर टेबलाच्या खणातून चिकटपट्टीचं भेंडोळं आणि जाड काळा मार्कर घेऊन आले. कपाटाचं दार त्यांनी पूर्ण उघडलं.

“प्रत्येक व्हॉल्व्हवर, प्रत्येक पंपावर लिही. आधी काय, मग काय. मराठीत, मोठ्या अक्षरात. मी विसरलो की वाचीन. वाचायचं विसरलो की जो कोणी इथं असेल तो वाचेल. ते प्रवाळ माझ्या नावावर दिलंय, ते माझ्यामुळे मरायला नको.”

शलाका फरशीवर पालथी पडून कपाटात शिरली. पहिली पट्टी तिने स्किमरच्या व्हॉल्व्हवर लावली. ‘फेस उतू गेला तर हा थोडा सैल करा. बंद करू नका.’ अक्षर सरळ यावं म्हणून तिने डावा हात टेकवून लिहिलं. मग सरकून बाहेर आली आणि बाजूला झाली.

डॉक्टर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. चष्मा नाकावर खाली घेतला.

“वाचता येतंय, सर?”

त्यांनी ओळ एकदा मनात वाचली, मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

“आज येतंय,” ते म्हणाले. “पुढची लिही.”